शिफ्ट धरून १ दाबल्यावर ॲ यावा म्हणून: लेआउटच्या फायली कुठे असतात, कुणाच्या असतात आणि त्यात बदल कसा करावा

प्रश्न थोडक्यात असा होता. तालुक्याच्या गावातलं वाचनालय, लिनक्सवर चालणारे नऊ संगणक, टंकणारे सगळे इनस्क्रिप्टवर (भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीवर) हात बसलेले. शिफ्ट धरून १ दाबलं की ‘ऍ’ येतो, मराठीला हवा तो ‘ॲ’ येत नाही. म्हणून प्रश्नकर्त्यांनी भारतीय लेआउटची, म्हणजे बटणांच्या मांडणीची, मूळ फाईल उघडून तिथलं एक अक्षर बदललं. काम झालं. पुढच्या अपडेटमध्ये बदल पुसला गेला. तो परत करताना एक अर्धविराम राहिला आणि सकाळी एकाही संगणकावर मराठी उमटेना. आता त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: या फायलींची रचना कशी आहे, आपला बदल टिकेल कसा, आणि तो मूळ सोर्समध्ये पाठवता येईल का.

आधी तातडीचं. बिघडलेली फाईल हाताने दुरुस्त करत बसू नका. एक्सकेबी-डेटा हे लेआउटच्या फायलींचं पॅकेज (काही वितरणांत त्याचं नाव एक्सकीबोर्ड-कॉन्फिग) पुन्हा इन्स्टॉल करा, सगळं जागेवर येईल. यूएसआर-शेअर या फोल्डरखालच्या फायली पॅकेजच्या मालकीच्या असतात. ईटीसी या फोल्डरमधल्या सेटिंगच्या फायलींबद्दल पॅकेज मॅनेजर ‘तुमची ठेवू की नवी घेऊ’ असं विचारतो, यूएसआर-शेअरमधल्या फायलींबद्दल विचारत नाही, सरळ नवी ठेवतो. त्यामुळे तुमचा बदल गेला यात त्याची काही चूक नाही. तो अशाच जागी केला होता जिथे टिकणं शक्य नव्हतं.

रचना समजून घ्यायला एका बटणाचा माग काढू. तुमचं १ चं बटणच घेतो.

ते दाबलं की लिनक्सचा गाभा २ हा क्रमांक पाठवतो. एक्स म्हणजे पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारा लिनक्सवरचा जुना डिस्प्ले सर्व्हर. त्याच्या जगात बटणांचे क्रमांक ८ पासून सुरू होतात, म्हणून त्यात ८ मिळवले जातात आणि १० होतो. ‘कीकोड्स’ या फोल्डरमधली फाईल त्या १० ला नाव देते: एई०१. यातला ई म्हणजे अंकांची ओळ. तिच्याखाली डी, मग सी, सगळ्यात खाली बी. ०१ म्हणजे डावीकडून पहिलं बटण. या नावांमुळे पुढच्या कुठल्याही फाईलला क्रमांक माहीत असावा लागत नाही, बटणाची जागा कळली की पुरतं. त्यानंतर ‘टाइप्स’ ठरवतं की या बटणाला किती पातळ्या आहेत आणि शिफ्ट किंवा उजवा ऑल्ट धरल्यावर कुठली पातळी लागू होते. ‘कॉम्पॅट’ हे शिफ्ट, कॅप्स लॉक असल्या बटणांची वागणूक सांभाळतं. ‘जॉमेट्री’ म्हणजे कीबोर्डच्या चित्राची मापं, तुम्हाला तिकडे बघायचीही गरज नाही. आणि मग येतं ‘सिम्बॉल्स’, आपल्या कामाचं. तिथे देशाच्या दोन अक्षरी कोडची फाईल असते, भारतासाठी आयएन. त्या फाईलमध्ये ‘देव’ नावाच्या भागात एई०१ पुढे दोन गोष्टी लिहिलेल्या सापडतील: युनिकोड ०९६७, म्हणजे देवनागरी १, आणि युनिकोड ०९०डी, म्हणजे ऍ.

हे पाच फोल्डर जोडणारा सहावा म्हणजे ‘रूल्स’. तुम्ही फक्त ‘भारत, मराठी’ एवढं निवडता. त्यावरून कुठल्या पाच फायलींचे कुठले भाग एकत्र करायचे हे रूल्स ठरवतो. मग एक्सकेबीकॉम्प हा प्रोग्राम (वेलँडवर, म्हणजे एक्सच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीत, लिबएक्सकेबीकॉमन ही लायब्ररी) त्या तुकड्यांचा एक नकाशा बांधतो. वेलँडवर तो नकाशा डिस्प्ले सर्व्हर प्रत्येक प्रोग्रामच्या हातात देतो.

ही रचना अशी का झाली ते माहीत असेल तर पुढच्या चुका टळतात. एक्सकेबी, म्हणजे कीबोर्ड सांभाळणारी ही सगळी यंत्रणा, एक्सचा अधिकृत भाग झाली १९९६ मध्ये. पुढे कित्येक वर्षं या लेआउटच्या फायली डिस्प्ले सर्व्हरच्या अजस्र सोर्समध्येच, एक्सकेबीकॉम्पच्या फोल्डरच्या पोटात राहत असत. म्हणजे एका भाषेचं एक अक्षर चुकलं असेल तर ते दुरुस्त होऊन लोकांपर्यंत जायला संपूर्ण सर्व्हरची नवी आवृत्ती निघावी लागे. २००४ मध्ये परवान्याच्या वादावरून एक्सफ्रीएटीसिक्सपासून, म्हणजे तोवर लिनक्सवरचा एक्स बनवणाऱ्या प्रकल्पापासून, लोक दूर झाले, एक्स-डॉट-ऑर्ग फाउंडेशन उभं राहिलं, आणि डिसेंबर २००५ च्या एक्स११आर७ मध्ये त्या अजस्र सोर्सचे सुटे भाग केले गेले. त्याच काळात लेआउटच्या फायलींचा एक्सकीबोर्ड-कॉन्फिग हा स्वतंत्र प्रकल्प झाला. माझ्या मते भारतीय भाषांच्या दृष्टीने त्या दशकातला हा सगळ्यात उपयोगी निर्णय होता. सी भाषेची एक ओळही न लिहिता, नुसती आपली लिपी आणि आपल्या टंकणाऱ्यांची सवय जाणणारा माणूस आता त्यात भर घालू शकतो.

याच फेररचनेत नावंही बदलली. पूर्वी लिपीवरून नाव असे, देवनागरीची वेगळी फाईल, गुजरातीची वेगळी. नंतर ती देशाच्या कोडखाली आली. त्यामुळे आज आयएन या एकाच फाईलमध्ये देवनागरी, बंगाली, गुजराती, गुरुमुखी, ओडिया, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, ऊर्दू असे सगळे एका छपराखाली राहतात. तुमच्याकडून राहिलेल्या एका अर्धविरामाने फक्त मराठी नाही, हे सगळं घर बंद पडलं. तुमच्या वाचनालयात कन्नड टंकणारं कुणी असतं तर त्यांचंही काम थांबलं असतं. म्हणून मी त्या मूळ फाईलला जागच्या जागी हात लावत नाही, आणि कुणी लावू नये असं मला मनापासून वाटतं.

आता प्रत्यक्ष अक्षराकडे. ॲ बद्दल तुमचा आग्रह अगदी रास्त आहे. काही जण म्हणतील, ‘अ टंका, पुढे ॅ टंका, तसाच तर दिसतो.’ दिसतो, पण तो नसतो. ॲ ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा आहे, ०९७२, २००८ च्या ५.१ आवृत्तीपासून. अ अधिक ॅ हे दोन वेगळे संकेत, आणि युनिकोडच्या नियमांनुसार ते ॲ च्या बरोबरीचे मानले जात नाहीत. म्हणजे तुमच्या सूचीत कुणी ‘ॲनिमल फार्म’ एका पद्धतीने नोंदवलं आणि वाचकाने दुसऱ्या पद्धतीने शोधलं, तर पुस्तक कपाटात असून शोधात सापडणार नाही. ऱ चं मात्र तसं नाही. तो शिफ्ट आणि इंग्रजी जे वर आहे, आणि र ला खाली नुक्ता देऊन केलेला ऱ हा त्याच्या बरोबरीचाच धरला जातो, निदान नीट लिहिलेल्या प्रोग्राममध्ये. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या शासननिर्णयातल्या वर्णमालेत ॲ आणि ऑ स्वर म्हणून आहेत. ऑ तुम्हाला उलट्या तिरक्या रेघेच्या बटणावर शिफ्ट धरून मिळतोच. अडलंय ते ॲ शी.

काहीही लिहायच्या आधी एक करून बघा. आयएन फाईलमध्ये ‘देव’ खेरीज मराठीसाठीच केलेले दोन भाग आहेत: एक सुधारित इनस्क्रिप्टचा, नाव ‘मराठी’, आणि दुसरा कागप पद्धतीचा, उच्चारानुसार टंकण्यासाठी. सुधारित इनस्क्रिप्ट लावून तुमच्या माणसांना दोन दिवस टंकू द्या. फाईलमध्ये ०९७२ हा आकडा शोधा, कुठल्या भागात तो कुठल्या बटणावर आहे ते बघा. त्यांना ते रुचलं तर इथेच थांबा, पुढचं काही करायची गरज नाही. हात जुन्याच मांडणीवर बसलेले असतील आणि एवढंच एक अक्षर हवं असेल, तरच पुढचं वाचा.

आपला बदल स्वतःच्या फाईलमध्ये ठेवायचा, आणि त्यात फरक तेवढाच लिहायचा. ‘देव’ भागाच्या पन्नास ओळी कॉपी करू नका. तुमच्या फाईलमध्ये, भाग उघडणाऱ्या आणि बंद करणाऱ्या कंसांच्या मध्ये, तीन ओळी पुरतात. पहिल्या ओळीत ‘इन्क्लूड’ हा शब्द आणि अवतरणात आयएन, कंसात देव, म्हणजे मूळ मांडणी जशी आहे तशी घेतली. दुसऱ्या ओळीत गटाचं (म्हणजे तुमच्या या लेआउटचं) नाव, जे पडद्यावर दिसेल. तिसऱ्या ओळीत एई०१ हे बटण, त्यात पहिल्या जागी ‘नोसिम्बॉल’ आणि दुसऱ्या जागी यू०९७२. नोसिम्बॉलचा अर्थ ‘इथे काही नको’ असा बहुतेकांना वाटतो, पण तुकडे जोडताना त्याचा अर्थ होतो ‘इथे आधीचं असेल ते राहू द्या’. त्यामुळे साधं १ जागेवर राहतं आणि फक्त शिफ्टवरचं अक्षर बदलतं. एखादी जागा खरंच रिकामी करायची असेल तर तिथे ‘व्हॉइडसिम्बॉल’ लिहावं लागतं. आणि ‘इन्क्लूड’ ची ओळ सोडून बाकीच्या दोन्ही ओळींच्या शेवटी, बंद होणाऱ्या कंसानंतरही, अर्धविराम. ‘इन्क्लूड’ च्या ओळीला तो द्यायचा नाही.

उद्या तिसऱ्या पातळीवर, म्हणजे उजवा ऑल्ट धरून, काही ठेवावंसं वाटलं तर ‘लेव्हल३’ या फाईलचा उजव्या ऑल्टचा भाग आहे ना ते तपासा. तो नसेल तर अक्षर फाईलमध्ये बरोबर लिहिलेलं असतं, नकाशाही विनातक्रार बांधला जातो, आणि उजवा ऑल्ट साधा ऑल्ट म्हणूनच वागतो. यात माणसं तासन्‌तास अडकतात, कारण कुठेही चूक दाखवली जात नाही.

फाईल ठेवायची कुठे, ते तुमच्या डेस्कटॉपवर अवलंबून आहे.

वेलँड असेल तर सोपं आहे. लिबएक्सकेबीकॉमनच्या १.० या आवृत्तीपासून (२०२०) ती मूळ जागेच्या आधी दोन ठिकाणी बघते: वापरकर्त्याच्या घरातल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरमधलं एक्सकेबी, आणि साऱ्या संगणकासाठी ईटीसी मधलं एक्सकेबी. नऊ संगणकांसाठी ईटीसी योग्य. तिथे सिम्बॉल्स नावाचं फोल्डर करून त्यात तुमची फाईल ठेवा. तिला आयएन हे नाव देऊ नका. आधी सापडलेली फाईल वाचली की कित्येक आवृत्त्यांमध्ये शोध तिथेच थांबतो, मग तुमच्याच ‘इन्क्लूड’ ओळीला मूळ आयएन मिळत नाही. दुसरं काहीही नाव चालेल, आणि लेआउटचं नाव म्हणून तेच द्यायचं, कारण रूल्समध्ये साधा नियम आहे की लेआउटचं नाव म्हणजे सिम्बॉल्समधल्या फाईलचं नाव. सेटिंगच्या यादीत ते दिसायला हवं असेल तर त्याच ईटीसी फोल्डरमध्ये रूल्सखाली छोटी एक्सएमएल फाईल लागते.

जुना एक्स सर्व्हर ही दोन ठिकाणं बघत नाही. त्याच्यासाठी प्रकल्पाने एक सोय ठेवली आहे जी फार थोड्यांना माहीत असते. यादीत ‘कस्टम’ नावाचं लेआउट असतं, पण त्या नावाची सिम्बॉल्सची फाईल पॅकेज मुद्दामच देत नाही. ती मूळ सिम्बॉल्स फोल्डरमध्ये तुम्ही करायची. पॅकेजची नसल्यामुळे अपडेट तिला हात लावत नाही, यादीत ते नाव आधीच असल्यामुळे रूल्समध्येही काही घालावं लागत नाही. तुमच्या संगणकांवर हे लेआउट यादीत असेल तर माझ्या मते तुमचा प्रश्न इथे सुटतो. नसेल तर सेटएक्सकेबीमॅप या लेआउट निवडणाऱ्या प्रोग्रामकडून निवडीचा मजकूर छापून घेऊन तो एक्सकेबीकॉम्पला द्यायचा, आणि दोघांनाही आपल्या फोल्डरचा पत्ता सांगायचा. प्रत्येक लॉग-इनला हे चालवावं लागतं.

लावण्याआधी फाईल तपासा. एक्सकेबीसीएलआय या प्रोग्रामला नकाशा बांधायला सांगितलं की तो चालू कीबोर्डला धक्का न लावता फाईल वाचतो आणि चूक कुठल्या ओळीत आहे ते दाखवतो. तुमचा तो अर्धविराम त्याने क्षणात दाखवला असता.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण ती माझ्या हातून घडली आहे. एका छापखान्यात मी संगणक लावून दिले आणि तिथे फक्त मराठीच टंकतात म्हणून एकटं भारतीय लेआउट ठेवलं. दुसऱ्या दिवशी कुणाला पासवर्ड टाकता येईना, कारण लॉग-इनच्या पडद्यावरही देवनागरीच उमटत होती. अंक पूर्ण करायची रात्र होती आणि मी दुसऱ्या गावात. तेव्हापासून इंग्रजी लेआउट पहिलं आणि मराठी दुसरं, हा क्रम मी मोडत नाही. कॉपी-पेस्टचे शॉर्टकटही त्यामुळे चालतात. देवनागरी चालू असताना कंट्रोल धरून सी च्या बटणावर म उमटतो, आणि तिथे कॉपीच अभिप्रेत आहे हे बरेच प्रोग्राम शेजारच्या इंग्रजी लेआउटकडे बघून ओळखतात. एक्समध्ये अशी चारच लेआउट एका वेळी राहू शकतात, तेवढं लक्षात असू द्या.

तुम्ही ओघात असंही विचारलंय की शिफ्ट धरून ७ वर क्ष आणि ६ वर त्र का येत नाहीत, पूर्वीच्या संगणकावर येत असत. हे फाईल बदलून एक्सवर होणार नाही. एक्सकेबीमध्ये एका बटणाच्या एका पातळीवर एकच चिन्ह राहतं, आणि क्ष हे युनिकोडमध्ये क, हलन्त, ष असे तीन संकेत आहेत. लिबएक्सकेबीकॉमनला एका पातळीवर अनेक चिन्हं लिहिलेली समजतात, पण त्यावर विसंबून केलेली फाईल एक्सवर चालणार नाही. जोडाक्षरांची बटणं हवीच असतील तर आयबससारखी इनपुट पद्धत लावा, ती याच कामासाठी आहे. मी स्वतः के, डी, मग शिफ्ट धरून स्वल्पविराम असाच क्ष टंकतो. आठवड्यात हात बसतो. ल आणि श च्या मराठी वळणाबद्दलही लोक याच फायलींकडे येतात. ते फॉन्टचं काम आहे, इथे त्याला काही उपाय नाही.

आता मूळ सोर्समध्ये पाठवण्याबद्दल. प्रकल्प फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर आहे, तिथे खातं काढून बदल सुचवता येतो. पण तुम्ही केला तसा बदल, म्हणजे ‘देव’ भागातला ऍ काढून तिथे ॲ, पाठवू नका. तो भाग एकट्या मराठीचा नाही. हिंदी आणि कोंकणी टंकणारेही तोच वापरतात, आणि ज्यांचे हात वर्षानुवर्षं एका जागी बसलेत त्यांच्या बोटाखालचं अक्षर बदलण्याचा अधिकार आपल्याला नाही. सुधारित इनस्क्रिप्टच्या भागात काही चुकत असेल, तर ते मात्र जरूर दाखवावं. २०१६ चं आयएस १६३५० हे भारतीय मानक त्याचसाठी आहे. ‘मानकात असं आहे, फाईलमध्ये तसं आहे’ एवढं दाखवलं की देवनागरी न वाचणाऱ्या देखभालकर्त्यालाही निर्णय घेता येतो. ‘आमच्याकडे सगळे असंच टंकतात’ हा पुरावा त्याला तपासता येत नाही.

बदल लहान असताना तो कसा करावा याचा चांगला नमुना त्याच सोर्समध्ये आहे. रुपयाचं चिन्ह जुलै २०१० मध्ये ठरलं आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये आलं. प्रकल्पाने त्याची एक चिमुकली वेगळी फाईल केली आणि ‘४ च्या बटणावर रुपया’ असा पर्याय दिला. ज्याला हवा तो कुठल्याही लेआउटवर तो चढवतो, इतरांच्या मांडणीला धक्का लागत नाही. ॲ साठीही मला हीच वाट जास्त पटते.

पाठवताना नवखी माणसं हमखास एका ठिकाणी ठेचकाळतात. इन्स्टॉल झालेल्या फोल्डरमध्ये दिसणाऱ्या सगळ्या फायली सोर्समध्ये तशाच नसतात. रूल्समधली ईव्हीडेव्ह नावाची फाईल लहान तुकडे जोडून तयार होते, यादीची मजकूर-फाईल एक्सएमएलवरून तयार होते. हाताने लिहायचं ते बेस नावाच्या एक्सएमएलमध्ये. तिथे तुमच्या लेआउटचं नाव, वर्णन आणि भाषेचा तीन अक्षरी कोड देतात, मराठीचा एमएआर, कोंकणीचा केओके. भाषेचा कोड राहिला तर डेस्कटॉप ‘मराठी’ या मथळ्याखाली ते दाखवू शकत नाही आणि वापरणाऱ्याला ते कधीच सापडत नाही. तिथलं वर्णन आणि सिम्बॉल्स फाईलमधलं गटाचं नाव अक्षरशः एकच ठेवा. मग प्रकल्पाच्या सोबत येणाऱ्या चाचण्या स्वतः चालवा, आणि एका सुचवणीत एकच बदल ठेवा. रिकाम्या जागा सरळ करण्याचा मोह झाला तरी तो वेगळा पाठवा, नाहीतर तपासणाऱ्याला तुमचं एक अक्षर शंभर ओळींत शोधावं लागतं.

एका संगणकावर आधी लावून बघा. ‘ॲ’, ‘दुसऱ्या’, ‘ऱ्हास’, ‘ऑक्टोबर’, ‘वाङ्मय’, ‘कॅलेंडर’ एवढे शब्द तुमच्या रोजच्या टंकणाऱ्याकडून टंकून घ्या, तुम्ही स्वतः नाही. मग लॉग-आउट करून पुन्हा आत या आणि एक अपडेट होऊ द्या. त्यानंतरही शिफ्ट धरून १ वर ॲ येत असेल तर बाकीच्या आठांवर तीच फाईल ठेवा. कुठे अडलात तर तुमची तीन ओळींची फाईल आणि एक्सकेबीसीएलआयने दिलेला संदेश जसाच्या तसा इथे द्या, मी बघतो.